न दिलेली शाबासकी

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या अंकुशनगरात उसाच्या गाड्या दिसू लागतात. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि त्या कोप्यांतली चारदोन मुले आमच्या शाळेच्या मागच्या बाकांवर येऊन बसतात. पट्टा पडला, की आली तशी निघून जातात. या मुलांवरून मला दरवर्षी एका मास्तरांची आठवण होते. त्यांचा आणि उसाचा काडीइतकाही संबंध नव्हता. मी त्यांना कधी पाहिलेलेही नाही. ते म्हणजे मुंबईच्या शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर.

आचरेकर सरांचा जन्म १९३२ सालचा, मालवणकडचा. नोकरी स्टेट बँकेत. स्वतः क्रिकेट खेळले, पण प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या नावावर अवघा एकच आहे. १९६३-६४ च्या हंगामात मोईनुद्दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध उतरले, तोच पहिला आणि तोच शेवटचा. एवढ्या शिदोरीवर हा माणूस दादरच्या मातीत उभा राहिला आणि त्याच्या हाताखालून बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर असे एकामागून एक भारतीय संघात गेले. सचिन तेंडुलकरचे नाव मी मुद्दामच शेवटी घेतो आहे, कारण ते घेतले की बाकीची नावे ऐकायला कुणी थांबत नाही.

१९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन सरांकडे गेले. पोरगे बुजले, खेळ काही जमला नाही. तेव्हा अजितने विनंती केली, की सर, तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि दुरून पाहा. सर झाडाआड उभे राहिले. डोळ्यांसमोरून मास्तर हलताच पोरगे मोकळे खेळू लागले आणि त्याला प्रवेश मिळाला. मला स्वतःला सगळ्या कथेत हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. आपल्यामुळेच मूल बिचकते आहे हे मान्य करून झाडामागे जाणारे मास्तर किती असतील? मी वीस वर्षे खडू झिजवतो आहे, पण मला हे सुचले नसते.

पुढचे कष्ट सर्वांना ठाऊक आहेत. सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सुटली आणि शारदाश्रम विद्यामंदिर आले. साठ दिवसांच्या उन्हाळी सुट्टीत पंचावन्न सामने! एका मैदानावर बाद झाला, की स्कूटरवर मागे बसवून सर त्याला दुसऱ्या मैदानावर नेत. संध्याकाळी पाय लटपटू लागले, की यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज बाद करील त्याचे ते नाणे; कुणालाच जमले नाही तर फलंदाजाचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. मात्र तोंडाने ‘छान खेळलास’ म्हणणे नाही. फारच खूश झाले, तर वडापाव खायला पैसे देत.

१९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन आणि विनोद यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सर मैदानावर नव्हते. डाव सोडा, असा त्यांच्या सहायकांचा निरोप पोरे ऐकेनात. अखेर जेवणाच्या सुट्टीत फोनवर खुद्द सरांनी बजावले आणि डाव संपला. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. एक धाव, फक्त एक धाव हवी होती. सरांनी ती घेऊ दिली नाही. तोच विनोद मग चेंडू घेऊन उभा राहिला आणि त्याने ३७ धावांत सहा बळी घेतले.

पुढे विनोद सतरा कसोट्या खेळला, सरासरी चौपन्नाची, आणि १९९५ नंतर त्याची कसोटी थांबली. सचिन दोनशे खेळला. मास्तर एकच, माती एकच, धाकही एकच. याचा उलगडा करणारे पुष्कळ भेटतात. मी त्या वाटेला जात नाही. दरवर्षी एकाच फळ्यावर एकच गणित सोडवून दाखवणाऱ्याने तरी जाऊ नये.

सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितले, की गेल्या एकोणतीस वर्षांत सरांनी मला एकदाही ‘चांगला खेळलास’ म्हटलेले नाही. मी सुस्तावेन अशी त्यांना धास्ती होती. आता खेळायचेच नाही, तर म्हणायला हरकत नाही. सारे मैदान हसले. मला मात्र ते ऐकवले नाही.

त्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी एका टोळीबरोबर एक मुलगा आमच्या शाळेत आला होता. काटकुळा, अबोल. मधल्या सुट्टीत तो चेंडू असा काही फेकायचा, की सीमेच्या बाभळीपासून थेट यष्टीवर. मी सरांविषयी नुकतेच वाचले होते. ठरवले, की याला शाबासकी द्यायची नाही, याची भूक मारायची नाही. चार महिने त्याच्या चुकाच दाखवल्या. एका सोमवारी बाक रिकामा दिसला. कोप्यांवर गेलो, तर तिथे विझलेल्या चुली आणि पाचट. पट्टा पडला होता. पुढच्या हंगामात मुकादमही वेगळा होता.

सरांच्या न बोलण्यामागे स्कूटर होती, पंचावन्न सामने होते, उद्याची संध्याकाळ होती. मी त्यातले फक्त न बोलणे तेवढे उचलले होते.

२ जानेवारी २०१९ रोजी सर गेले. ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण सचिनच्या हस्ते झाले. व्यासपीठावर आजारी विनोदही होता. त्याने सचिनचा हात धरला तो सोडवेना. मग सरांसाठी त्याने एक जुने सिनेमातले गाणे म्हटले.

यंदाही कोप्या पडू लागल्या आहेत. काल दोन नवी पोरे दाखल करून घेतली. एकाचे अक्षर चांगले आहे. तसे मी त्याला लगेच सांगून टाकले.