दोन नद्यांच्या मुखाशी : कुशादासीच्या परिसरातील बुजलेली बंदरे

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, आयदिन प्रांतात, एजियन समुद्राला लागून कुशादासी हे शहर वसलेले असून, उन्हाळ्यात त्याच्या पुळणींवर होणारी गर्दी आणि धक्क्याला लागणारी मोठी प्रवासी जहाजे यांमुळे ते आज जगभर ओळखले जाते. या जहाजांतून उतरणारे पुष्कळ लोक शहरात फारसे न रेंगाळता ईशान्येला सुमारे वीस किलोमीटरांवर असलेल्या इफिससकडे वळतात, आणि ज्यांच्यापाशी सवड असते ते दक्षिणेकडे जाऊन प्रिएने, मिलेटस व डिडिमा ही स्थळेही पाहतात. इफिसस, प्रिएने आणि मिलेटस ही तिन्ही आयोनियातील, म्हणजे अनातोलियाच्या किनाऱ्यावर ग्रीकांनी वसवलेल्या नगरांच्या पट्ट्यातील, समुद्राशी जोडलेली नगरे होती. परंतु आज त्यांपैकी एकालाही समुद्र उरलेला नाही. या नगरांच्या ऱ्हासाची कारणे सांगताना आक्रमणे आणि भूकंप यांचा उल्लेख होतो व तो योग्यच आहे. मात्र या प्रदेशाच्या इतिहासात अखंड दिसणारा धागा नद्यांनी आणलेल्या गाळाचा आहे, आणि तो हाती धरल्यावाचून येथील रस्ते, वेशी आणि धक्के असे भलतीकडेच तोंड करून का उभे आहेत, हे उलगडत नाही.

या भागात दोन नद्या पूर्वेकडून येऊन समुद्राला मिळतात. उत्तरेची कुचुक मेंदेरेस, म्हणजे धाकटी मेंदेरेस, हिला ग्रीक लोक कायस्ट्रोस म्हणत. दक्षिणेची ब्युयुक मेंदेरेस, म्हणजे थोरली मेंदेरेस, ही प्राचीन ग्रंथांतील मायान्द्रोस होय. दोघींच्या मध्ये प्राचीन मिकाले पर्वताची रांग सामोस बेटाच्या दिशेने समुद्रात घुसली आहे. नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत जसजशी जंगले तुटली, उतारांवर नांगर फिरला आणि शेळ्यामेंढ्यांची चराई वाढली, तसतशी पावसाबरोबर वाहून येणारी माती वाढत गेली, आणि मुखाशी पाणी संथ होताच ती तेथेच बसू लागली. कुशादासी मात्र दोन्ही मुखांपासून अलग, खडकाळ किनाऱ्यावर आहे; तेथे गाळ आणणारी मोठी नदी उतरत नाही. आजची जहाजे ज्या खोल पाण्यात उभी राहतात, त्याचे कारण या भूरचनेत आहे.

गाळाशी झालेल्या झुंजीची सर्वांत तपशीलवार हकीकत इफिससची आहे. अलेक्झांडरचा सेनापती लायसिमॅकस याने इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हे नगर जुन्या जागेवरून हलवून बंदराजवळच्या दोन डोंगरांमध्ये नव्याने वसवले. लोक घरे सोडायला राजी होईनात, तेव्हा त्याने मुसळधार पावसाची वेळ साधून सांडपाण्याचे मार्ग बुजवले आणि जुने गाव पाण्याखाली घातले, असे भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. नव्या बंदरातही गाळ साचू लागला. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पर्गामॉनचा राजा अटॅलस दुसरा याच्या स्थापत्यकारांनी असा हिशेब केला की बंदराचे तोंड बांध घालून अरुंद केले, तर आतले पाणी खोल राहील आणि मोठी मालवाहू गलबते थेट आत येऊ शकतील. घडले ते नेमके उलट. पूर्वी भरती-ओहोटीच्या ये-जा करणाऱ्या पाण्याबरोबर थोडाफार गाळ बाहेर निघून जात असे. बांधामुळे तोही आत अडकला आणि तोंडापर्यंत सगळे बंदर उथळ झाले. ही चूक स्ट्रेबोने नोंदवून ठेवली, हे त्याचे मोठे उपकार आहेत, कारण प्राचीन स्थापत्याच्या यशाची वर्णने विपुल असली, तरी फसलेल्या हिशेबाची अशी कारणमीमांसा विरळाच मिळते.

रोमन काळात इफिसस हे ‘आशिया’ या प्रांताचे मुख्य ठाणे झाले, त्यामुळे बंदर उघडे ठेवणे हा साम्राज्याच्या कारभाराचा प्रश्न बनला. नीरोच्या कारकिर्दीत बारिया सोरेनस या प्रांताधिपतीने गाळ उपसून बंदर मोकळे केल्याचे टॅसिटसने लिहिले आहे. पुढे सम्राट हेड्रियनने बंदर वाहते केले आणि कायस्ट्रोसचा प्रवाह वळवला, म्हणून नगराने त्याचे आभार मानणारा शिलालेख कोरला. सर्वांत बोलका पुरावा मात्र दुसऱ्या शतकातील एका प्रांताधिपतीच्या हुकूमनाम्याचा आहे. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी धक्क्यावर तुळया रचू नयेत आणि दगड कापणाऱ्यांनी तेथे संगमरवर चिरू नये, कारण तुळयांच्या भाराने धक्क्याचे आधार खचतात आणि दगडाची भुकटी पाण्यात पडून बंदर भरते, असा त्याचा आशय आहे. ज्या संगमरवराने इफिससला वैभव दिले, त्याच्याच भुकटीचा बंदोबस्त करण्याची पाळी नगरावर आली होती.

हे वैभव आज प्रामुख्याने सेल्ससच्या ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीत दिसते. टायबेरियस ज्युलियस सेल्सस या माजी प्रांताधिपतीच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने दुसऱ्या शतकाच्या आरंभी ही इमारत बांधवली. तिच्या तळाशी सेल्ससचे दफन आहे, त्यामुळे ते एकाच वेळी ग्रंथालय आणि समाधी आहे. आज उभी असलेली दुमजली भिंत ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ या काळात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभारली. तरीही इतिहासाच्या दृष्टीने अधिक बारकाईने पाहावा असा भाग म्हणजे मोठ्या नाट्यगृहापासून पश्चिमेकडे जाणारा बंदराचा रस्ता होय. दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा असलेला हा फरसबंदी रस्ता सुमारे अर्धा किलोमीटर सरळ जातो आणि वेताच्या बेटांनी भरलेल्या पाणथळीपाशी संपतो. ती पाणथळ म्हणजेच जुने बंदर. समुद्र तेथून पाचसहा किलोमीटर दूर आहे.

आर्टेमिस देवीचे मंदिर, ज्याची गणना प्राचीन जगातील सात आश्चर्यांत होत असे, तेही गाळानेच गिळले. पाणथळ जमिनीवर बांधले तर भूकंपाचा धक्का कमी बसेल, या समजुतीने त्याची जागा निवडली होती आणि पायात कोळशाचा थर ठोकून त्यावर लोकरीसकट कातडी अंथरली होती, असे प्लिनी सांगतो. इ.स.पू. ३५६ मध्ये हेरोस्ट्राटस नावाच्या माणसाने ते जाळले. ते पुन्हा अधिक भव्य उभे राहिले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी ते लुटले, आणि पुढे त्याचे दगड लोकांनी बांधकामांसाठी नेले. एकोणिसाव्या शतकात ही जागा कोणालाही दाखवता येत नव्हती. इझमीर–आयदिन लोहमार्गाच्या स्थानकांचे आराखडे करण्यासाठी आलेला इंग्रज वास्तुविशारद जॉन टर्टल वुड याने १८६३ पासून शोध चालवला. नाट्यगृहात सापडलेल्या एका लांबलचक शिलालेखात देवीच्या मिरवणुकीचा मार्ग दिलेला होता. त्यात सांगितलेल्या वेशीतून निघणारा रस्ता खणत खणत तो पुढे सरकला आणि १८६९ च्या अखेरच्या दिवशी मंदिराची फरशी त्याच्या हाती लागली. ती जमिनीखाली सुमारे सहा मीटर होती. आज तेथे तुकडे रचून उभा केलेला एकच स्तंभ आहे आणि पावसाळी महिन्यांत पायाच्या खड्ड्यात पाणी भरते.

इफिससचे बंदर निकामी होत गेले, तसा व्यापार हळूहळू दक्षिणेकडे सरकला. मध्ययुगात इटालियन व्यापाऱ्यांनी ज्या ठिकाणाला स्काला नोव्हा, अर्थात नवे बंदर, म्हटले, तेच आजचे कुशादासी. ऑटोमन सत्तेत १६१८ मध्ये ओकुझ मेहमेद पाशा याने तेथे धक्क्याजवळ कारवानसराय, म्हणजे व्यापाऱ्यांचे तांडे, त्यांची जनावरे आणि माल यांच्यासाठी तटबंद सराई, बांधवली. तिच्या जाड, खिडक्यांविना असलेल्या बाहेरील भिंती समुद्रावरून होणाऱ्या हल्ल्यांची आठवण करून देतात. १८६६ मध्ये लोहमार्ग आयदिनपर्यंत पोहोचला, आणि अंतर्भागातील माल थेट इझमीरला जाऊ लागला.

दक्षिणेच्या थोरल्या मेंदेरेसचे काम याहून अफाट आहे. आज सोकेच्या मैदानात जेथे नजर पोहोचेल तेथवर कापसाची शेते आहेत, तेथे प्राचीन काळी लाटमोस पर्वताच्या पायथ्यापर्यंत आत शिरलेले आखात होते. नदीचा प्रवाह इतका नागमोडी आणि चंचल होता की एका काठाची जमीन कापून ती दुसऱ्या काठाला जोडी. अशा वेळी जमीनमालक नदीवरच दावा लावत आणि दंड नावेच्या उताराच्या उत्पन्नातून भरला जाई, असे स्ट्रेबो लिहितो. या आखाताच्या काठी मायूस नावाचे नगर होते. इ.स.पू. ४९९ च्या सुमारास आयोनियाचे आरमार तेथे नांगरून पडल्याचे हिरोडोटस सांगतो. पुढे इराणच्या सम्राटाने आश्रयाला आलेल्या अथेन्सच्या थेमिस्टोक्लीसला जी नगरे नेमून दिली, त्यांत मायूस कालवणाच्या खर्चासाठी होते. मग आखाताचे तोंड बुजून आतले पाणी तळ्यासारखे साचले, डासांचे थवे उठले आणि नगरवासी आपली चीजवस्तू व देवांच्या मूर्ती उचलून मिलेटसला निघून गेले, असा वृत्तान्त पॉसेनियसने दिला आहे. शत्रूने न हाकलता, डासांपायी एक अख्खे नगर देवांसह उठून जाते, ही घटना कोणत्याही लढाईइतकीच दखल घेण्याजोगी आहे.

मिकालेच्या दक्षिण उतारावर, उभ्या कड्याखाली, प्रिएने आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात ते नव्याने वसवले गेले, आणि डोंगरउतार असूनही काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांवर आखले गेले. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गल्ल्यांना पायऱ्या आल्या. येथील अथेना देवीचे मंदिर पिथिओस या स्थापत्यकाराने रचले आणि त्याच्या अर्पणाचा मान अलेक्झांडरने घेतला; तो लेख कोरलेला दगड सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्ट्रेबोच्या काळापर्यंत समुद्र चाळीस स्टेडिया, म्हणजे सुमारे सात किलोमीटर, मागे हटला होता. बंदर गेले तसा पैसा गेला, आणि पैसा नसल्याने रोमन काळात इतरत्र झाली तशी जुने पाडून नवे बांधण्याची धामधूम येथे झाली नाही. म्हणूनच चारपाच हजार वस्तीच्या ग्रीक नगरातील घरे, बाजारचौक, चौकोनी सभागृह आणि नाट्यगृह यांचा परस्परसंबंध येथे जितका स्वच्छ दिसतो तितका इफिससमध्येही दिसत नाही. नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत मान्यवरांसाठी ठेवलेली संगमरवरी आसने अजून जागेवर असून, त्यांचे पाय सिंहाच्या पंजांच्या आकारात कोरलेले आहेत.

मिलेटस हे मैदानाच्या दुसऱ्या कडेला, एके काळी समुद्रात घुसलेल्या भूशिरावर वसलेले होते. थेलीस, अनॅक्झिमँडर आणि अनॅक्झिमिनीस हे सृष्टीचे मूळ तत्त्व शोधणारे विचारवंत येथलेच, आणि काळ्या समुद्राच्या काठावर असंख्य वसाहती पाठवणारे नगरही हेच. त्याला चार बंदरे होती. इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी सत्तेविरुद्धच्या बंडाचा निकाल समोरच्या लादे बेटाजवळ लागला; हिरोडोटसच्या गणनेप्रमाणे आयोनियनांच्या ३५३ युद्धनौकांपैकी ८० मिलेटसच्या, १२ प्रिएनेच्या आणि अवघ्या ३ मायूसच्या होत्या. पराभवानंतर मिलेटस लुटले गेले. ज्या बेटाच्या आडोशाने हे आरमार उभे होते, ते लादे आज शेतांमध्ये उठलेली एक बुटकी टेकडी आहे. सिंहांच्या दोन प्रचंड संगमरवरी मूर्ती ज्याच्या तोंडाशी राखणीला बसवल्या होत्या, ते बंदर गवताळ खोलगट भाग आहे, आणि समुद्र आठनऊ किलोमीटरांवर गेला आहे. तरीही वस्ती लगेच मेली नाही. मेन्तेशे घराण्याच्या काळात बालात या नावाने येथे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची ये-जा होती, आणि १४०४ मध्ये इलियास बे याने प्राचीन अवशेषांतला संगमरवर वापरून बांधलेली, एकाच घुमटाची मशीद त्या उत्तरकाळाची साक्ष देते. पर्यटक नाट्यगृह पाहून परततात आणि ही मशीद त्यांच्या नजरेतून सुटते, हे खेदजनक आहे.

डिडिमा पठारावर असल्याने गाळापासून दूर राहिले. ते नगर नव्हे, तर मिलेटसच्या अखत्यारीतले अपोलोचे क्षेत्र होते, जेथे देवाचा कौल घेण्यासाठी लोक दुरून येत. इराण्यांनी जाळलेल्या जुन्या मंदिराच्या जागी इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस नवे मंदिर सुरू झाले आणि काही शतके काम चालूनही ते पूर्ण झाले नाही. स्ट्रेबोच्या म्हणण्याप्रमाणे आकार फार मोठा असल्यामुळे त्यावर छप्परच चढले नाही. जवळजवळ वीस मीटर उंचीचे तीन स्तंभ आजही उभे आहेत. १९७९ मध्ये लोथार हासेलबेर्गर या जर्मन अभ्यासकाला मंदिराच्या आतील उघड्या चौकाच्या भिंतींवर, तिरप्या उन्हातच दिसतील अशा केसासारख्या बारीक रेषा कोरलेल्या आढळल्या. त्या मंदिर बांधणाऱ्यांच्या आखणीच्या रेषा होत्या. स्तंभ वर निमुळता होत जाताना त्याच्या कडेला जो हलकासा फुगवटा द्यायचा, तो काढण्यासाठी त्यांनी स्तंभाची रुंदी खऱ्या मापात ठेवून उंची सोळा पट कमी केली होती, म्हणजे एका फुटाऐवजी एक बोट धरले होते. अशा आकृतीत वर्तुळाचा साधा कंस आखला की प्रत्येक फुटाला किती जाडी ठेवायची हे पाथरवटाला थेट मोजून घेता येई. भिंतीला अखेरचा हात देताना, तिचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करताना, या रेषा पुसल्या जायच्या होत्या. मंदिर अपुरे राहिले आणि तो हात कधी फिरलाच नाही, म्हणून त्या वाचल्या.