टोपी, लुगडे आणि बेचाळीस नंबर

परवा पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर महाडच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मास्तरकी सुटली तरी डोकी मोजायची सवय सुटत नाही. अर्ध्या तासात अकरा कॅपा दिसल्या, गांधी टोप्या फक्त दोन! एका टेम्पोवाल्याच्या कॅपवर न्यूयॉर्कच्या यांकीज संघाची गुंफलेली अक्षरे होती. "कुठला संघ रे हा?" मी विचारले. तो म्हणाला, "काय की गुरुजी. उन्हाला बरी पडते."

उत्तर बरोबरच होते. बेसबॉलमध्येही कॅपचा तो पुढचा भाग डोळ्यांवरचे ऊन अडवायलाच असतो.

हे बेसबॉलचे वेड मला मुलाकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा लागले. क्रिकेटने काय घोडे मारले होते, असे सौ. अजून विचारते. पण खेळाइतकाच मला त्यातला एक सदरा आवडतो. अमेरिकेतल्या मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना अर्धशतकाहून अधिक काळ जागा नव्हती. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाचा ४२ नंबरचा सदरा घालून मैदानात उतरला. सदरा इतरांसारखाच होता, आणि मोठेपण त्यातच होते. २००९ पासून दरवर्षी त्या दिवशी सगळे खेळाडू ४२ नंबरच घालतात. त्या दिवशी पाठीवरून कोण कुठला ते ओळखता येत नाही.

ते पाहताना मला आपले महाड आठवते. १९२७ च्या मार्चमधला चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि डिसेंबरमधले मनुस्मृतीचे दहन मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. पण डिसेंबरच्या त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले होते, ते मात्र कधी सांगितले नाही. आखूड लुगडे, गळ्यात ढीगभर गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत कथलाचे नाहीतर चांदीचे दागिने, ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. लुगडे इतर बायकांसारखे नेसा, असे त्यांनी सांगितले. आणि बायकांनी लगोलग नेसण बदलले! ठराव नाही, मोर्चा नाही. पुस्तकात ते दोन ओळींचे असते, म्हणून मीही पुढचे पान उलटत असे.

खरे तर मला ते घरातच कळायला हवे होते. माझी आजी बाजारातून आली की कुरकुरायची, "हल्ली कोण कुठली, काही ओळखू येत नाही." लहानपणी मला वाटे, म्हातारीची नजर गेली. तिची नजर चांगली होती. ओळखू येऊ नये, हेच तर त्या बायकांनी मिळवले होते.

१४ एप्रिल बाबासाहेबांचा, १५ एप्रिल रॉबिन्सनचा. योगायोगच, पण मला तो आवडतो. यंदा १४ तारखेला चवदार तळ्यावर गेलो होतो. पोरे कॅपा घालून, बाया जरीच्या साड्या नेसून आल्या होत्या. कोण कुठली, काही ओळखू येत नव्हते.