भूकंप : 'किती रिश्टर?' एवढंच विचारून भागत नाही

आपल्या घरातले बुजुर्ग ज्याला 'जलजला' म्हणतात, त्याची बातमी आली की आपण आधी विचारतो, किती रिश्टरचा? पण तेवढ्या आकड्यावरून नुकसान कळत नाही. आपल्या किल्लारीचंच बघा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती. धक्का ६.२ चा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात, आणि बऱ्याच वेळा फारसं कुणी दगावत नाही.

भारताची प्लेट, म्हणजे आपल्या पायाखालचा खडकाचा अवाढव्य तुकडा, दरवर्षी काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते आणि आशियाला रेटते. म्हणून हिमालयात भूकंप जास्त. पण तो रेटा आतपर्यंत पोचतो. खोलवर एखादी जुनी भेग असेल तर तिथे ताण साठत जातो आणि एके दिवशी खडक झटक्यात सरकतो. किल्लारी तेव्हा सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं! २००२ च्या नकाशात तो झोनच काढून टाकला.

आता मोजणी. यंत्रावर आधी वेगवान 'पी' लहर येते, मग 'एस'. दोघींमधल्या वेळेवरून अंतर कळतं, लहरीच्या उंचीवरून तीव्रता. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी ही पट्टी बनवली. आज शास्त्रज्ञ बहुतेक वेळा 'मोमेंट मॅग्निट्यूड' वापरतात, रिश्टर हे नाव मात्र आपल्या तोंडात बसलंय. एक अंक वाढला की जमिनीचं हलणं १० पट, ऊर्जा जवळपास ३२ पट. ५ आणि ६ मध्ये 'थोडाच फरक' समजू नका.

हा आकडा एका भूकंपाला एकच. कुठल्या गावात किती हादरलं, काय पडलं, हे सांगणारी पट्टी वेगळी. तिचं नाव मर्केली, अंक १ ते १२. ती गावागणिक बदलते.

किल्लारीत धक्का जमिनीच्या अगदी जवळून आला. वर जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद. पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची, म्हणजे ओझं वाढतच गेलेलं. भिंती फुटल्या आणि ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं.

म्हणून बातमीत भूकंपाची खोलीही बघा. आणि घर बांधत असाल तर गवंड्याला एवढं जरूर विचारा, की दार-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारी सलग आरसीसी पट्टी टाकतोय ना?