पोफळीचे पाणी आणि अंजनवेलची वीज

गेल्या माघात शाळेची सहल घेऊन दाभोळला गेलो होतो. परतताना धोपाव्याच्या फेरीबोटीत मुले कठड्याला लगडून उभी होती. खाडीच्या मुखाकडे, अंजनवेलच्या अंगाला, कारखान्याची धुराडी दिसू लागली, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, वीज इथेच होते, तर मग आमचं बिल एवढं का येतं?" उत्तर देण्याची सवय हा शिक्षकाचा धंद्यातला दोष आहे, पण त्या दिवशी बोट पलीकडे लागेपर्यंत मला एवढ्याशा प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर जुनी कात्रणे काढून बसलो. पुढे लिहिले आहे ते त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

ही खाडी म्हणजे वशिष्ठीचे मुख. उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांची पात्रे दगडगोट्यांनी भरलेली दिसतात. वशिष्ठी मात्र वाहती असते, आणि त्याचे कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. पूर्वेकडे वाहून जाणारे कोयनेचे पाणी अडवले, बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले, सुमारे दीड हजार फूट खाली पाडले आणि चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला डोंगराच्या पोटात त्याच्यावर वीज केली. काम झालेले पाणी वशिष्ठीत सोडले. म्हणजे ज्या पाण्यावरून आमची फेरीबोट चालली होती, त्यातला काही अंश एकदा वीज देऊन आलेला होता. आणि त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला महाराष्ट्राने आपल्या आयुष्यातली सर्वांत महाग वीज विकत घेतली. एका नदीवर एकाच राज्याचे हे दोन सौदे!

कोयनेचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६२ साली पोफळीची वीज वाहू लागली. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाला हा मोठाच आधार होता. पाऊस विकत घ्यावा लागत नाही, त्याला डॉलर द्यावे लागत नाहीत आणि आखातात लढाई झाली म्हणून तो महाग होत नाही. पुढे १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल आवळले आणि काही महिन्यांत पिंपाची किंमत तीन डॉलरच्या आसपास होती ती बारांच्या घरात गेली, तेव्हा या गोष्टीचे मोल कळले. अर्थात ही वीज स्वस्त कोणाला, हेही विचारले पाहिजे. शिवसागराखाली ज्यांची गावे गेली, त्यांची पुनर्वसनाची वणवण पुढे कित्येक दशके संपली नाही. तो खर्च वीजमंडळाच्या वहीत कधी लिहिला गेला नाही, म्हणून युनिट स्वस्त दिसले.

इंधन महाग झाले की राज्य सरकारच्या हाती असते तरी काय? तेल कोठे सापडावे आणि काय भावाने विकावे, हे राज्य ठरवीत नाही. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल लागले, त्याला 'बॉम्बे हाय' असे आपल्याच शहराचे नाव मिळाले. पण दूर समुद्रातल्या तेलाचे स्वामित्वधन केंद्राच्या तिजोरीत जाते. राज्याकडे उरते ते तेलावरच्या विक्रीकराचे माप, विजेचा दर आणि रेशनचे दुकान. यांतल्या करात एक गंमत आहे. तो किमतीच्या टक्केवारीने घेतला, तर किंमत वाढली की राज्याचे उत्पन्न आपोआप वाढते. म्हणजे प्रजेच्या संकटात राजाची थोडी चंगळच होते. २०२२ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने पेट्रोलवरचा कर लिटरमागे पाच रुपयांनी आणि डिझेलवरचा तीन रुपयांनी उतरवला. तिजोरीतला थोडा वाटा सोडून देण्याचा हा सरळ मार्ग. सरकारे तो सहसा उशिरा धरतात, पण निदान त्यात लपवाछपवी नसते.

दुसरा मार्ग, भाव हुकुमाने बांधून ठेवण्याचा, मी लहानपणी पाहिला आहे. १९९० च्या पावसाळ्यात इराकने कुवेत घेतले आणि त्यानंतर आमच्या गावी रॉकेल मिळेनासे झाले. रेशनकार्डावर भाव जवळजवळ तोच होता; रॉकेल तेवढे नव्हते. पहाटे डब्यांची रांग लागे. ज्याला उभे राहणे जमत नसे तो डब्यावर दगड ठेवून जाई. आजी म्हणायची, "भाव वाढला नाही म्हणतात, मग माझा दिवस कोणाच्या हिशेबी?" अर्थशास्त्र मी फारसे शिकलो नाही, पण दाबून ठेवलेला भाव दुसऱ्या कुठल्यातरी दाराने बाहेर येतो, एवढे त्या रांगेत शिकलो.

विजेच्या बाबतीत हे दार शेतीपंपाचे होते. पंपाला मीटर न बसवता त्याच्या अश्वशक्तीवर ठोक आकारणी करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली. शेतकऱ्याला सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. पण मीटर नाही म्हटल्यावर कोणी किती वीज वापरली हे सांगणार कोण? मग चोरीची, तारांतल्या गळतीची, वसूल न झालेली, अशी सगळी वीज 'शेतीने वापरली' या खात्यावर निमूटपणे चढू लागली. राज्य वीज नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला आणि त्याने २००० साली पहिल्यांदा हिशेब मागितला, तेव्हा इतकी वर्षे अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे उघड झाले. शेतकऱ्याचे नाव पुढे करून पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचीच भाकरी भाजली गेली, हा माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा भाग आहे.

अशा पोखरलेल्या मंडळाच्या दारात १९९२ साली एन्रॉन आली. १९९१ साली देशाची परकीय गंगाजळी आटली होती, नव्या वीजकेंद्रांसाठी मंडळाजवळ पैसा नव्हता, आणि विजेच्या तुटवड्याची धास्ती खरी होती. त्या वेळच्या राज्यकर्त्यांना नुसते मूर्ख ठरवून चालणार नाही. पण घाईला हिशेब नसतो. जून १९९२ मध्ये प्राथमिक करार झाला. १९९३ साली जागतिक बँकेने कर्ज नाकारले. ही वीज महाग पडेल आणि ती घेण्यासाठी कोळशाची स्वस्त केंद्रे मंद चालवावी लागतील, असा तिचा आक्षेप होता. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला, वीस वर्षांचा. कंपनीने नाव घेतले दाभोळचे, कारखाना मात्र खाडीच्या अलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यात. दाभोळकरांच्या वाट्याला बदनामी तेवढी आली.

करारातली मेख समजून घेण्यासारखी आहे. शहरात शिकणारी मुले खानावळ लावतात. एखादा खानावळवाला म्हणाला, 'तुम्ही जेवा न जेवा, महिन्याचे पैसे द्यायचे, तेही डॉलरच्या भावाने; शिवाय जेवाल त्या दिवशी त्या दिवसाच्या बाजारभावाने भाजीचे वेगळे', तर कोणी शहाणा मुलगा तिथे जाईल काय? दाभोळच्या दराचे असेच दोन भाग होते: केंद्र तयार आहे म्हणून द्यायचा स्थिर आकार, आणि जळालेल्या इंधनाची किंमत. रुपया घसरला तर तोटा मंडळाचा, इंधन महागले तर तोटा मंडळाचा, मागणी घटली तरी तोटा मंडळाचाच. मंडळाने पैसे चुकवले तर राज्याची हमी आणि राज्याने चुकवले तर केंद्राची प्रतिहमी. भाववाढीची सगळी जोखीम अशी आधीच सही करून एका अंगावर घेतलेली होती. आणि ज्या जनतेने पैसे द्यायचे, तिला करार वाचायलाही मिळाला नव्हता. पुण्याच्या 'प्रयास' गटातील गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी आकडे मांडून हे सांगितले. अंजनवेल-वेलदूरच्या माणसांनी रस्त्यावर येऊन सांगितले. १९९७ च्या जूनमध्ये वेलदूरच्या बायकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या.

१९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा दुमदुमली. सरकार पालटले, ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबरात बोलणी होऊन प्रकल्प पुन्हा तरंगू लागला. तोही मोठा होऊन, २०१५ ऐवजी २१८४ मेगावॉटचा! युनिटचा दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचे सांगण्यात आले. केंद्राच्या प्रतिहमीला मंजुरी मिळाली ती १९९६ च्या मे महिन्यात, तेरा दिवस टिकलेल्या सरकारकडून, जाता जाता. म्हणजे या सौद्यावर सह्या नाहीत असा मोठा पक्ष शोधूनच काढावा लागेल.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. योगायोग असा की, दोनच महिने आधी, मार्चमध्ये, त्याच नदीच्या उगमाकडे कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाला सुरुंग लावून पाणी बोगद्यात घेतले गेले होते. आपल्या अभियंत्यांचे ते अपूर्व काम. हजार मेगावॉटची सोय त्याने झाली. गाजावाजा मात्र अंजनवेलचा झाला.

पहिल्या टप्प्याचे इंधन होते नाफ्था, म्हणजे तेलाचेच भावंड. १९९८ च्या अखेरीस तेलाचे पिंप दहा-बारा डॉलरला होते. २००० साली ते तिसाच्या वर गेले. करार झाला तेव्हा एकतीस-बत्तीस रुपयांचा डॉलर शेहेचाळिसाकडे सरकला. वीज महाग म्हणून मंडळ कमी घेई. कमी घेतल्यामुळे स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला जाई आणि युनिट आणखी महाग होई. काही महिन्यांत ते सात रुपयांच्या वर गेले. मग बिले थकली, हमीची कागदपत्रे बाहेर निघाली, मंडळाने कंपनीला ४०१ कोटींचा दंड ठोकला. सरकारने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोडबोले स्वतः पूर्वी वीज मंडळाचे अध्यक्ष होते, तेव्हा त्यांना घरचे वासे माहीत होते. एप्रिल २००१ च्या अहवालात त्यांनी एका पक्षाला नव्हे, साऱ्या कारभारालाच जबाबदार धरले. मे महिन्याच्या अखेरीस केंद्र बंद पडले. डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले.

२००५ साली सरकारी कंपन्यांनी केंद्र हाती घेतले. पुढे देशातला वायू आटला तेव्हा ते पुन्हा थंड पडले. २०१५ च्या अखेरीपासून काही वर्षे इथली वीज रेल्वेला गेली. त्या जुन्या करारातून सुटण्याची किंमत मात्र देशातल्या बँका आणि करदाते यांनी मोजली.

या अनुभवानंतर सरकारे शहाणी झाली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना फुकट वीज जाहीर झाली आणि पुढल्याच वर्षी ती बंद करावी लागली. २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा, या वेळी पाच वर्षांसाठी, फुकट वीज आहे. फुकट म्हणजे सरकार कंपनीला अनुदान देणार, आणि कारखाने, दुकाने यांच्या दरातून उरलेले भागवले जाणार. आमच्याकडच्या कातळावर कलमे जगवणाऱ्या माणसाला पंपाची वीज परवडली पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार एवढीच की, किती युनिटे, कोणाच्या पैशाने, हे बिलावर लिहा. मदत उघड द्यावी. लपवून दिलेल्या मदतीत अठराचे तीस कसे होतात, हे आपण एकदा पाहिले आहे.

ती मुलगी आता आठवीत आहे. परवा ती दोन कागद घेऊन वर्गात आली. एक घराचे बिल, नेहमीपेक्षा जड. दुसरे वडिलांच्या पंपाचे, भरायची रक्कम शून्य. "गुरुजी, दोन्ही आमचीच, मग असं का?" मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, खडू घेतला आणि फळ्यावर आधी वशिष्ठी काढली, पोफळीपासून अंजनवेलपर्यंत.