हा आपला गेज नव्हेच!



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण ही हकीकत मुलीने वाचून दाखविली तेव्हापासून ती मनातून जात नाही, म्हणून चार ओळी लिहिते.

फिनिअस गेज हा अमेरिकेतील रेल्वेरस्त्याच्या कामावरचा मुकादम. वय 25, वृत्तीने शांत, कामाला चोख. 13 सप्टेंबर 1848 रोजी व्हरमाँट प्रांतातील कॅव्हेंडिश गावाजवळ तो खडकात सुरुंगाची दारू ठाशीत होता. एकाएकी भडका उडाला आणि 3 फूट 7 इंच लांबीची, सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तरी तो बैलगाडीत बसून मुक्कामी आला! डॉ. जॉन हार्लो यांनी जखम निगुतीने सांभाळली व तो वाचला.

शरीर बरे झाले, स्वभाव मात्र पालटला. तो शिव्या देई, हट्ट करी, एक बेत पुरा होण्याआधीच दुसरा धरी. सोबती म्हणू लागले, हा आपला गेज नव्हेच! मुकादमी परत मिळाली नाही. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते.

पण गेज पुढे जवळजवळ बारा वर्षे जगला. 1852 साली तो चिली देशात गेला आणि तेथे वालपराइसो-सांतियागो वाटेवर सहा घोड्यांची उतारूगाडी हाकू लागला. घोड्यांची निगा, उतारूंशी बोलणे, वेळ पाळणे हे बेताल माणसाला वर्षानुवर्षे कसे जमेल? म्हणून आजचे काही अभ्यासक म्हणतात की तो पुष्कळ सावरला होता, व रोजच्या ठरीव कामाने त्याला हात दिला असावा. 1859 साली प्रकृती ढासळल्यावर तो सॅनफ्रान्सिस्कोला आईजवळ आला. 21 मे 1860 रोजी झटके येऊन वारला.

कपाळामागचा मेंदू रागाला आवर घालतो, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. माझे धाकटे दीर झाडावरून पडल्यावर असेच तिरसट झाले. कोणी बाधा म्हटले, कोणी माज. मीही ताट आपटून वाढले. सासूबाईंनी मात्र रोज पहाटे गाईची धार काढण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले आणि एक दिवसही चुकू दिले नाही. भाऊजी पूर्वीसारखे झाले नाहीत, पण घरात पुन्हा मिसळले.

आपल्या शेजारी असे कोणी असेल, तर त्याला नावे ठेवण्यापूर्वी गेजची ती घोडागाडी आठवावी, एवढेच सांगणे.