कमानीतला पीळ

आमच्या घरात एका गुन्ह्याचा निकाल चाळीस वर्षांपूर्वीच लागून गेला होता. आजोबांचे खिशातले घड्याळ मी 'जास्त चावी दिल्यामुळे' बंद पडले, हा तो निकाल. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आजोबा रागावले नाहीत. घड्याळ रुमालात गुंडाळून त्यांनी पेटीत ठेवले, एवढेच. पुढे ते वारले. मी मॅट्रिक होऊन मास्तर झालो, मुलांना इतिहास शिकवू लागलो. पण या निकालाचा पुरावा कधी तपासावा, असे काही मला सुचले नाही.

गेल्या वैशाखात ते घड्याळ घेऊन मी तालुक्याच्या एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. अपराध आधीच कबूल करून टाकला. ते हसले.

"गुरुजी, जास्त चावीने घड्याळ मरत नाही. कमान तुटली असती, तर चावी नुसती गरगरत राहिली असती. ही पुरती बसली आहे आणि तरी चालत नाही. दोष पुढे कुठेतरी आहे."

त्यांनी मागचे झाकण उघडून भिंग माझ्या हाती दिले. आत सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. दुरुस्ती करणारे कारागीर तारीख अशी कोरून ठेवीत. शेवटची खूण १९५८ सालची. म्हणजे माझ्या गुन्ह्यापूर्वी पंचवीसहून अधिक वर्षे या यंत्राला कोणी तेल दिले नव्हते! तेव्हा मला आठवले: घड्याळ मधूनच थांबे आणि आजोबा ते तळहातावर हलकेच आपटीत. ही साक्ष माझ्यापाशी होती. मी ती कधी विचारातच घेतली नव्हती.

घड्याळ खोलण्यापूर्वी कमानीचा ताण उतरवावा लागतो. नाही तर चाके एकदम सुटून दात मोडतात. चावी चिमटीत धरून त्यांनी खटका बाजूला केला. चावी हळूहळू उलटी फिरू लागली. सात वर्षांच्या माझ्या बोटांनी भरलेला तो पीळ अजून आत होता. मला बोलवेना.

मग एकेक भाग निघू लागला. त्यांना त्यात दोष शोधायचा होता, मला मात्र शतके दिसू लागली. डोलत्या चाकाला केसाएवढी कमान ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ साली जोडून दाखवली. तोवर खिशातल्या घड्याळाच्या मिनिटांवर कोणी फारसा विसंबत नसे. ती कमान सरळ होती. भोक पाडलेल्या माणकांत आसाची टोके फिरवण्याचे पेटंट लंडनमध्ये १७०४ साली न्यूटनचा स्नेही फासियो याने दोघा भावांसह घेतले. माणके शाबूत होती. चाकांना एकेक दात सोडणारा लिव्हर थॉमस मज याने १७५५ च्या सुमारास योजला. तोही धड होता. एवढ्या बुद्धिमंतांची करणी अडून बसली होती ती माणकांच्या भोकांत वाळून चिकट झालेल्या तेलापाशी!

असे घड्याळ तासाला १८,००० ठोके देते, दिवसाला ४,३२,०००. ज्या तेलाच्या आधाराने ते चालते, ते मात्र दर काही वर्षांनी कुणीतरी पुसून नव्याने घालावे लागते. शोध एकदाच लागतो. राखण पुन्हा पुन्हा करावी लागते. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याचे नाव असते. दुसऱ्याची खूण झाकणाच्या आत राहते.

सारे भाग धुऊन, टाचणीच्या टोकाहून लहान थेंब ठिकठिकाणी ठेवून घड्याळजींनी यंत्र जुळवले. चाक डोलू लागले. झाकण लावण्यापूर्वी त्यांनी जुन्या खुणांखाली आपलीही तारीख कोरली.

घड्याळ दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. असो. रोज रात्री नऊ वाजता मी त्याला चावी देतो. अगदी पुढे फिरेनाशी होईपर्यंत देतो.