गुणपत्रिकेतील मराठीचे स्थान

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. ही परीक्षा मुळात विद्यापीठात प्रवेश देण्यापुरती होती. पुढे सरकारी नोकरीचे दारही तिनेच उघडू लागले आणि हायस्कुलांचा सारा कारभार तिच्या तंत्राने चालू लागला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. आमच्या पणजोबा-आजोबांचे भवितव्यही याच परीक्षेने ठरवले.

मराठी शाळांतील मुलांसाठी निराळी परीक्षा होती, व्हर्नाक्युलर फायनल. 'फायनल' झालेल्याला प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होता येई. इंग्रजीतून मॅट्रिक झालेल्याला कचेरी आणि कॉलेज दोन्ही खुली असत. मराठी कमी प्रतीची आहे असे कोणी सांगण्याची गरज उरली नाही. दोन परीक्षांच्या फळांतील अंतराने ते घरोघरी पोहोचवले.

शाळांवरही याचा परिणाम झाला. जे विचारले जाणार नाही, ते शिकवले जाईना. निकाल खालावू नये म्हणून कच्च्या विद्यार्थ्यांचे फॉर्म अडवले जात. अध्यापन परीक्षेचे दास झाले आहे, हाच उच्च शिक्षणातील सर्वांत मोठा दोष, असे १९०२ च्या विद्यापीठ आयोगानेही नोंदवले. हे रानड्यांनी आधीच ओळखले होते. मराठीला विद्यापीठाच्या परीक्षेत स्थान मिळावे यासाठी ते अखेरपर्यंत झटले. एम. ए.च्या अभ्यासक्रमात देशी भाषांचा प्रवेश झाला, तो त्यांच्या प्रयत्नांमुळे.

१९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि परीक्षा घेणारे मंडळ बदलले. प्रश्न मात्र तोच राहिला. १९८० साली नेमलेल्या गोकाक समितीने माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी व तिला १५० गुण असावेत, अशी शिफारस केली. बाहेरच्यांना हा गुणांचा हिशेब वाटला असेल. आम्हांला त्यात १८५९ नंतरचीच कहाणी दिसली : परीक्षेत ज्या भाषेची पायरी उतरते, तिची शाळाही पुढे ओस पडते. १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन म्हणूनच पेटले. कन्नडशी आमचे वैर नव्हते आणि नाही; ती आमच्या शेजाऱ्यांची आणि बाजाराची भाषा आहे. आमचा विरोध होता तो सक्तीला.

आज एस. एस. एल. सी.ला मराठी प्रथम भाषा म्हणून घेता येते आणि तिला १२५ गुण आहेत. हे स्थान आपण राखलेच पाहिजे. पण आपल्याच शाळांत मराठीचा तास अपेक्षित प्रश्नांची उत्तरे उतरवून घेण्यात सरत असेल, तर दोष मंडळाला देता येणार नाही. दहावीनंतर ज्या मुलाच्या हाती मराठी पुस्तक कधीच येत नाही, त्याच्या १२५ पैकी १२० गुणांनी सीमाभागातील मराठी जगणार नाही. परीक्षेत मराठी हवीच. मात्र मराठी परीक्षेपुरती उरू नये, याची जबाबदारी आपली आहे.